काळाकुंडला भेटू

दिगंबर महूच्या बसने गेला, साडेपाचला.
मी सायकल काढली तेव्हा रामबागेत
पोहेवाल्याचं पातेलं अजून गार होतं.
ठरलं होतं ते असं:
तो पाताळपाण्याहून पायी दरीत उतरेल,
मी खंडवा रोडने, सिमरोलचा घाट उतरून.
जो आधी पोचेल त्याने कलाकंदाचे द्रोण घ्यायचे,
पैसे उशिरा येणाऱ्याचे.

भंवरकुआंपर्यंत शहर सोबत येतं.
दूधवाले, कोचिंगची झोपाळू पोरं,
"आंटी, बत्ती तो जला लो" म्हणत गेलेला स्कूटरवाला.
तेजाजीनगर सुटलं
की कानांना काही कामच उरत नाही.
फक्त चेन, आणि माझा श्वास,
जो अठ्ठावन्न वर्षांचा आहे
आणि ते लपवत नाही.

सोयाबीन निघालेली काळी शेतं,
आणि सिमरोलनंतर एकाएकी
जमीनच संपल्यासारखा घाट.
मी पायडल मारणं सोडून दिलं.
सागाची ताटाएवढी पानं रस्त्यावर आदळत होती.
वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं,
त्याचा कशाशी संबंध नव्हता.

चोरलच्या अलीकडे एक भिलाली बाई,
टोपलीत डोळे उघडलेली सीताफळं.
"सायकल पे? इंदौर से?"
मी मान हलवली.
"घरवालों ने निकाल दिया क्या?"
तिने तोलून दिल्यावर वर दोन जास्त टाकली,
बहुधा दयेनेच.

काळाकुंडच्या फलाटावर दिगंबर बूट काढून बसलेला.
मोज्यांत कुसळं, हातात दोन द्रोण,
एक अर्धा संपवलेला.
बोगद्यात म्हणे आत गेल्यावर थंडी कानांना आधी लागते.
एका गँगमनने त्याला चहा पाजला
आणि मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं, हॉलच्या भाड्यासकट.
नदी दिसायच्या आधी कितीतरी वेळ ऐकू येत होती.
"तू काय पाहिलंस?"
सगळंच पाहिलं, म्हटलं. थोडं-थोडं.
"किती झाले?"
चाळीस.
"माझे पंधरा," तो म्हणाला, आणि बोटं चाटली,
"पण एकेक आठवतो."

घरात सायकल एकच होती, बाबांची.
नळीखालून पाय घालून मी वाकडी चालवायचे
आणि तो कॅरिअर धरून मागे धावायचा.
कधी सोडलं, ते सांगायचा नाही.
मी सायकल शिकले,
तो धावायला.
"शिकून घेईन नंतर," म्हणून राहिला,
चाळीस वर्षं तेच म्हणून राहिला.
(पुण्याची भाची या "राहिला"ला हसते.
हसू दे. आम्ही इंदूरचे,
आमचं प्रत्येक काम करून राहण्यातच असतं.)

परतताना तोही चोरलकडून निघाला, सोबत म्हणून.
घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी उतरले.
चढावर सायकलसुद्धा पायीच चालते.
तो त्याच्या चालीने, मी हँडलला टेकून,
दोघांची गती पहिल्यांदाच सारखी.
बोलणं काय, तर गॅसचा नंबर, त्याचा गुडघा,
महूच्या बसमध्ये कुणी तरी नेत असलेला कोंबडा.
ट्रक हॉर्न देत वर गेले.
कठड्यावर माकडं
सीताफळांच्या पिशवीचा हिशेब करत बसलेली.

मग तो मागे पडला.
मी बोलत राहिले, उत्तर आलं नाही,
आणि पाचव्या वळणावर सायकल
अचानक हलकी झाली.
मागे वळून बघितलं नाही.
दिगंबरने कॅरिअर धरलं होतं
की माकडाने पिशवी नेली होती,
ते सिमरोलला कळेल.